वीस मिनिटांचं गोंदण

पहाटे साडेचारला, शाळेच्या व्हरांड्यात,
ताइपेहून आलेल्या मेकअपवालीनं माझी हनुवटी वर धरली.
हसू नकोस, म्हणाली, रेघ हलते.
या कानापासून ओठांपर्यंत, त्या कानापासून ओठांपर्यंत
निळीकाळी जाळी.
वीस मिनिटं लागली. मधे एकदा तिचा फोन वाजला.

आईच्या पणजीला, यागूला, अख्खा दिवस लागला होता.
काजळी, सुया, लाकडी हातोडी,
मग दहा दिवस सुजलेलं तोंड आणि बोरूतून पेज.
तेही आधी दांड्यांची साल सोलून,
सूत काढून, रंगवून,
एक अख्खं पांघरूण विणून दाखवल्यावर.
आम्हा अतायालांत आधी हात, मग चेहरा.
पुढच्या वर्षी जपानी फौजदारानं बंदी घातली.
धाकटीचे गाल कोरे राहिले;
एकुलत्या फोटोत ती मान वळवून उभी आहे.

हे सगळं मी दिग्दर्शक जिआन यांना सांगितलं.
छान, म्हणाले, हेच डोळ्यांत आण.
डोंगराकडे बघ. काहीतरी हरवलंय असं बघ.
डोंगरावर मोबाइलचा टॉवर होता,
तो नंतर त्यांनी पुसून टाकला.
माझी त्या दिवशी हरवली होती ती स्कूटरची चावी.

मग माग आणला.
खालच्या रस्त्यावरच्या हॉटेलात भिंतीला टांगलेला असतो
तोच, धूळ झटकून. सूत नायलॉनचं.
पाय लांब करून बसले,
पोकळ ओंडका तळव्यांना टेकवला,
आणि सगळे म्हणाले, वा!

जेवणाच्या डब्यांच्या रांगेतून लावा तेमू निघाली,
कॅमेऱ्यासमोरून, चपला फटफटवत,
आणि एक शब्द न बोलता
ओंडका फिरवून सुलटा केला.
कट!
कोण ही बाई?
सहा टेक आधीच वाया गेलेले, ऊन चढलेलं.
पण तिचे हात बघून जिआन गप्प झाले.

तर सिनेमात असं आहे:
चेहरा माझा, बावीस वर्षांचा.
कॅमेरा सावकाश खाली उतरतो
आणि मनगटापासून पुढे
अडुसष्ट वर्षांची लावा.
थिएटरात कुणालाच सांधा दिसला नाही.
शेजारचा माणूस तर रडत होता.
अंधारात लावा माझ्या कानाशी लागली,
चेहऱ्याचे किती दिले गं?
दोन हजार.
हातांचा मला एक डबा. त्यातही अंडं नव्हतं.
आम्ही इतक्या हसलो
की पुढच्या रांगेनं वळून शुक् केलं.

एक मात्र तिला सांगितलं नाही.
शूटिंगच्या रात्री तेलात भिजवलेला बोळा धरून
मी आरशासमोर तशीच उभी होते.
आई दारात आली.
पणजी गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती,
त्या गालाला गाल लावून झोपलेली.
तिनं माझ्या चेहऱ्यावरची एक रेघ बोटानं चाचपली,
ही उलटी काढलीये, म्हणाली,
आणि पाणी तापवायला गेली.
मग मी पुसलं.
थोडं उशीच्या अभ्र्याला लागून राहिलं.

म्हाताऱ्या सांगतात, आणि आमचे पाद्री तेव्हा खोकतात,
की मेल्यावर इंद्रधनुष्याचा पूल लागतो.
तिथला राखणदार बायकांचे तळवे घासून बघतो.
जन्मभर विणलेलीच्या हाताचा
कंदाचा तांबडा रंग निघत नाही.

ऑक्टोबरपासून दर बुधवारी लावाकडे जाते.
सूत अजून तिनं हाती दिलेलं नाही.
दांडे सोलायला देते, कंद किसायला देते,
मधूनच शिव्या देते.
संध्याकाळी मी नळाखाली हात धरते,
तांबडं पाणी मोरीतून वाहत जातं.
साबणानं सगळं निघतं.
अजून तरी.